कागद आखूड, जोडा सैल

गुरुवारी दुपारी सूनबाईचं बोट घसरलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका बोटाने केला.

तीन महिने झाले, दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोज एक निळा चौकोन उगवायचा. तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, नवी टाकायची का? खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. पोरांच्या हट्टावर मोठी माणसं जशी 'बघू हं' म्हणतात, तशी सूनबाई न चुकता 'नंतर' दाबायची. त्या दिवशी तिच्या डाव्या हातात चामडं चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा होता, मान वाकडी करून खांद्याशी फोन धरलेला होता, आणि माउसवरचं बोट चिकट झालं होतं. बाण जरा जास्तच सरकला. "अगं बाई," ती म्हणाली, पण तोवर चौकोनाने ऐकलं होतं. या घरात तिचं इतकं चटकन आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पडदा काळा झाला, मधोमध एक गोल फिरायला लागला आणि खाली अक्षरं आली: कॉम्प्युटर बंद करू नका.

"काय झालं?" मागच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. जरा पडलाय तो."

दुकान जोड्यांचं होतं, पण खोक्यातून काढून पायात सरकवावेत असल्या जोड्यांचं नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच तिरकी, कुणाची दोन बोटं आजारपणात गेलेली, अशी माणसं इथे यायची आणि प्रत्येकाचा जोड निराळा व्हायचा. सासरे पन्नास वर्षं हेच करत होते. त्यांचा मुलगा बस चालवायचा. चामड्याच्या वासाने त्याला लहानपणापासून शिंका यायच्या, म्हणून बापाची विद्या मुलाला वळसा घालून सुनेच्या हाती आली. आता तिने पंचेचाळिशी ओलांडली होती, स्वतःची लेक शिकायला परगावी होती, तरी गल्लीत ती सगळ्यांची सूनबाईच.

सासऱ्यांची रीत अशी, की गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा पाय दोन्ही हातांत घ्यायचा. तळवा, घोटा, टाच, सगळीकडून अंगठा फिरवायचा. मिनिट-दोन मिनिटं बोलायचं नाही. मापाची पट्टी त्यानंतर. दोन वर्षांपूर्वी सूनबाईने हट्ट धरून काचेची पेटी आणली. काचेवर पाय ठेवला की खालून उजेड फिरायचा, कॉम्प्युटर पायाची रेघन्‌रेघ टिपायचा आणि प्रिंटरमधून तळव्याचा नमुना निघायचा, पाय जेवढा तेवढाच. त्या कागदाबरहुकूम सासरे लाकडी साच्यावर चामड्याच्या चकत्या ठोकून साच्याला त्या माणसाच्या पायाचं रूप द्यायचे आणि मग त्यावर जोडा ओढायचे. हे यंत्र चालवायला सूनबाईला कुणी शिकवलं नव्हतं. सोबत आलेलं पुस्तक, शंभर चुका आणि एक जाडजूड वही, एवढ्यावर ती शिकली होती.

घसरायचंच होतं तर बोटाने दुसरा आठवडा निवडायला हवा होता. कारण सोमवारी टपालवालीची चाचणी होती.

टपालवाली म्हणजे याच भागात बावीस वर्षं पत्रं वाटणारी बाई. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ. गेल्या वर्षी एका ओल्या जिन्यावरून ती घसरली, उजवा घोटा मोडला आणि बसला तो वाकडा बसला. आठ महिने तिला ऑफिसात खिडकीमागे बसवून ठेवलं होतं. आता वरून कागद आला होता: सोमवारी एक साहेब तिच्याबरोबर पूर्ण फेरी चालतील. अकरा किलोमीटर, खांद्याला थैली. जमलं तर फेरी तिची. नाही जमलं तर फेरी कायमची दुसऱ्याला, आणि ही कायमची खिडकीमागे.

"ताई, खिडकीमागे वाईट नाहीये तसं," मंगळवारी काचेवर पाय ठेवता ठेवता ती म्हणाली होती. "पंखा आहे, खुर्ची आहे. फक्त दिवसभर लोकांच्या कपाळाशी बोलावं लागतं. खिडकी तेवढीच आहे." मग जरा थांबून, "मला माझी दारं हवीत परत."

सासऱ्यांनी तिचा पाय तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला होता.

तर तो पाय कॉम्प्युटरच्या पोटात होता, आणि कॉम्प्युटर पडला होता. तीन तासांनी तो उठला. उठला तो वेगळाच कुणी. पडद्यावरचं चित्र बदललं होतं, खालची पट्टी मध्ये सरकली होती, अक्षरं मुंगीएवढी झाली होती आणि काहीही दाबलं की 'टिंग' असा आवाज करत होता, लग्नात नव्या जावयाने उगाच घसा खाकरावा तसा. सूनबाईने त्याला संध्याकाळपुरतं त्याच्या नशिबावर सोडलं आणि शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पदर खोचून बसली.

पहिली गोष्ट, चारशे पाय गायब झाले होते.

दोन वर्षांत मोजलेला प्रत्येक पाय एका कप्प्यात होता. कप्पा तिथेच होता, आत मात्र झाडून पुसून स्वच्छ. सूनबाईने लेकीला फोन लावला.

"आई, मी क्लासमध्ये आहे."

"चारशे पाय गेले गं."

"कुणाचे?" मग लेकीला उमगलं. "रीस्टार्ट केलंस का?"

"तीनदा."

"चौथ्यांदा कर."

"ही काय विद्या झाली?"

"आई, मी दात शिकतेय, कॉम्प्युटर नाही. थांब. तुझ्या जुन्या सिस्टिमचं सामान त्याने कुठेतरी बांधून ठेवलं असेल. नव्या घरात गेल्यावर आपण माळ्यावर टाकतो ना, तसं. 'जुनं' असं काही दिसतंय का बघ."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं पुटपुटत सूनबाईने शोधलं. आणि खरंच होतं की माळ्यावर. चारशेच्या चारशे पाय, तारखांसकट, एका कप्प्याच्या आतल्या कप्प्यात गुमान बसलेले. तिने ते एकेक करून नाही, एकदम उचलून जागेवर आणले आणि वहीत लिहिलं: पाय माळ्यावर सापडतात.

मग पेटी. उपकरण ओळखता आलं नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला.

"दोन वर्षं शेजारी बसतोस तिच्या," सूनबाई म्हणाली, "आणि ओळख नाही?"

पेटीची वायर तिने काढून पुसून परत लावली. नाही. पुढच्या खाचेत लावली. नाही. शेवटी टेबलाखाली शिरून, पाठीमागच्या, धुळीने भरलेल्या खाचेत लावली आणि पेटीचा जुना प्रोग्रॅम काढून पुस्तकात बघून नव्याने टाकला. खालून हिरवा दिवा लागला. टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटलं, त्याचं काही वाटलं नाही. अक्षरं मोठी केली, 'टिंग' बंद केलं. दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटर डुलकी काढत होता, त्याला अर्ध्या तासाची मुदत दिली. अकराच्या सुमाराला तिने टपालवालीचा पाय उघडला. पडद्यावर तो दिसला तेव्हा तिला हायसं वाटलं: लांब, बारीक, घोट्यापासून जरा बाहेर वळलेला, वाट चुकलेल्या माणसासारखा.

राहिला प्रिंटर. कॉम्प्युटरला एक नाही, दोन प्रिंटर दिसत होते. त्याच नावाचे दोघे, जुळे. पहिला झोपलेला. दुसऱ्याला हुकूम दिला तर टेबलावरचा खराखुरा प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. सूनबाईने कात्रीने नमुने कापले, दोन्ही पायांचे, आणि मागच्या खोलीत नेऊन दिले.

सासरे खिडकीपाशी त्यांच्या ठेंगण्या स्टुलावर बसले होते. त्यांनी नमुना तळहातावर घेतला, उलटसुलट केला.

"हा त्या टपालवाल्या बाईंचा?"

"हो, बाबा."

"नव्या कॉम्प्युटरमधून?"

"कॉम्प्युटर तोच आहे. डोकं नवं आहे."

"बरं," सासरे म्हणाले, आणि नमुना समोरच्या फळीवर खिळ्याला टोचून ठेवला. जेवून आल्यावर घेतो म्हणाले.

ते जेवायला घरी गेले. घर वरच्या मजल्यावरच होतं, आणि जेवणानंतर वीस मिनिटांची त्यांची झोप ठरलेली. सूनबाई खाली एकटी. तिने राहिलेला कागद टाकायला उचलला आणि तिची नजर कोपऱ्यातल्या रेघेवर गेली. प्रत्येक कागदावर अशी एक रेघ छापली जायची, बरोबर दहा सेंटीमीटरची. कागद खरा बोलतोय की नाही हे तपासायला. रोज ती पट्टी लावून बघायची. आज पाय सापडल्याच्या आनंदात विसरली होती.

तिने पट्टी लावली. नऊ पूर्णांक सात.

परत लावली. पट्टी काय बदलणार होती?

शोधायला फार वेळ लागला नाही. दुसरा प्रिंटर, तो नवा जुळा, आपल्या मनाचा राजा होता. जे येईल ते 'पानात बसवा' असं त्याच्या कपाळावर आधीच लिहिलेलं होतं. पायाला कडेला थोडी जागा हवी म्हणून तो सगळंच आक्रसून टाकत होता. दहात तीन मिलिमीटर ऐकायला काही नाही. पण चोवीस सेंटीमीटरच्या पायात सात मिलिमीटर, आणि अकरा किलोमीटरमध्ये सात मिलिमीटर म्हणजे पायाचा भुगा. तिने 'पानात बसवा' काढलं, 'जेवढं आहे तेवढं' केलं, पुन्हा छापलं, रेघ मोजली. दहा. कात्री घेऊन नमुने कापले.

आता सांगायचं कसं?

सासरे बोलले काहीच नसते. तेच अवघड होतं. त्यांचा कागदावर विश्वास बसायला दोन वर्षं लागली होती. बसला म्हणजे काय, त्यांनी बोलणं सोडलं होतं. आता पहिल्याच परीक्षेला कागद नापास झाला, हे स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? चूक सुधारलेली आहे, काम सुरू झालेलं नाही, मग सांगून उपयोग काय, असं तिने मनाला पटवलं. मन अशा वेळी फार समजूतदार असतं. ती मागच्या खोलीत गेली, खिळ्यावरचे नमुने काढले, त्याच भोकांत नवे टोचले आणि जुने चुरगाळून कचऱ्यात, कचऱ्यावर चामड्याचे तुकडे टाकले.

सासरे खाली आले, त्यांनी चष्मा चढवला आणि कामाला बसले. संध्याकाळपर्यंत ठक ठक हातोडी चालू होती.

शनिवारी चार वाजता टपालवाली आली. जोड कच्चा होता, म्हणजे खालचा सोल लावायचा बाकी, वरचं चामडं नुसतं टाचलेलं. पण घालून बघण्याजोगा. तपकिरी, मऊ, उजव्या टाचेला आतून आधार. तिने दोन्ही पाय आत घातले, नाड्या बांधल्या आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेली, आली.

"झकास," ती म्हणाली.

फार लवकर म्हणाली. सूनबाईने बावीस वर्षं लोकांना जोडे घालताना बघितलं होतं. ज्याला जोडा बसतो तो आधी काहीच म्हणत नाही.

ती खाली बसली आणि टपालवालीच्या टाचेमागे बोट घातलं. अख्खं बोट गेलं. वर थोडी जागाही उरली.

"सैल आहे हो."

"मी मोजे दोन घालीन."

"अकरा किलोमीटर?"

"मग तीन घालीन. ताई, हे बघा," टपालवाली आवाज खाली आणून म्हणाली, "सैल जोड्यात मी निदान निघेन तरी. सोमवारी जोड नसला तर मी दाराबाहेरच पडणार नाही. तुम्ही आता नाही म्हणू नका."

सासरे मागच्या दारात येऊन उभे होते. ते पुढे आले, वाकले, अंगठ्याने जोड्याचं टोक दाबलं. तिथेही पोकळी. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण खाली वाकलेला माणूस जेवढा वेळ खाली राहतो त्यापेक्षा ते जास्त वेळ राहिले.

"साचाच मोठा झालाय," ते म्हणाले, आणि आत गेले.

"उद्या संध्याकाळी या," सूनबाई टपालवालीला म्हणाली. "मोजे एकच घालून या."

ती गेल्यावर सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसली. चोर तर हाच. एवढ्या खोड्या केल्यात, अजून एक पोटात असणार. तिने शेल्फमधली लाकडी फळी काढली, जिची लांबी तिला पाठ होती, बरोबर वीस. काचेवर ठेवली. कॉम्प्युटर म्हणाला वीस. फळी आडवी केली, वीस. छापली, पट्टी लावली, वीस. कोपऱ्यातली रेघ दहा. मग टपालवालीचा पाय पुन्हा छापला, कालच्याशी जुळवला. केसाचाही फरक नाही. पेटी खरी, कॉम्प्युटर खरा, प्रिंटर आता खरा.

म्हणजे खोटं जे होतं ते मागच्या खोलीत होतं.

कॉम्प्युटरची चूक निघाली असती तर किती बरं झालं असतं. कॉम्प्युटरला वय नसतं. बाबा पंचाहत्तर पुरे करत आले होते. मागच्या महिन्यात सुईत दोरा ओवायला त्यांनी तिला हाक मारली होती, आणि तिने 'उजेड कमी आहे' म्हणून दिवा बदलला होता. उजेड कमी नव्हता. तिने कागद घेतला आणि उठली, कारण सोमवार कुणाच्या वयासाठी थांबणार नव्हता.

सासरे साचा मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, जरा बघू."

तिने साचा उलटा केला आणि कागद तळव्यावर ठेवला. साचा कागदाच्या बाहेर येत होता. ती वाकून बघत राहिली. टाचेकडे बाहेर, बोटांकडे बाहेर, दोन्ही बाजूंना बाहेर, आणि सगळीकडे अगदी सारखाच. जणू कुणी कागदाला काठ लावला होता. थरथरत्या हाताची चूक अशी नसते. चूक इतकी सुबक कुठे असते? टेबलावर कर्कटक पडलं होतं, दोन टोकांमधलं अंतर ठरवून स्क्रू घट्ट आवळलेलं. तिने ते उचलून साच्याच्या कडेला लावलं. बरोब्बर बसलं.

"बाबा, हे तुम्ही मुद्दाम वाढवलंत."

सासऱ्यांनी चष्मा काढला.

"तुझा कागद आखूड होता," ते म्हणाले.

सूनबाईने कर्कटक टेबलावर ठेवलं.

"मंगळवारी मी त्या बाईंचा पाय धरला होता. माझी वीत आणि वर अंगठ्याचं नख. शुक्रवारी तू कागद दिलास, तो वितीलाच संपत होता. नख कुठे गेलं? दोन्ही टोकांना निम्मं निम्मं वाढवायचं म्हणून कर्कटक लावून ठेवलं आणि जेवायला गेलो."

"मग मला सांगायचं ना, बाबा."

"दोन वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. कागद काय, कागदावर काहीही लिहितात, म्हणालो होतो. तेही गिऱ्हाइकासमोर. तू तीन दिवस माझ्याशी 'वाढू का' आणि 'पुरे का' एवढंच बोललीस." ते चष्मा सदऱ्याला पुसायला लागले. "म्हटलं आता नको. कागदाचं काय, मी मागच्या मागे सांभाळून घेतो. आणि पहिल्यांदाच असं नाही म्हणा. दोन-तीनदा केलंय."

"दोन-तीनदा?"

"पाच-सहादा. पण मिलिमीटरभर. त्याने काय होतं?"

सूनबाई समोरच्या ओट्यावर टेकली. तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर पडल्यामुळे हसू आलं.

"बाबा, कागद आखूड होता हे मला कळलं होतं. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. मी नवा छापला आणि तुमच्या खिळ्यावर टोचून ठेवला. न सांगता."

सासऱ्यांनी पुसलेला चष्मा परत चढवला.

"त्याच भोकात?"

"त्याच भोकात."

"म्हणजे तू कागद वाढवलास."

"आणि तुम्ही साचा."

"आणि त्या बाई तीन मोजे घालणार होत्या," सासरे म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसायची त्यांची जुनी सवय होती. हसता हसता खोकला आला. सूनबाईने पाणी आणून दिलं. "तिघांनी मिळून एका पायाचं किती भलं चिंतलं. बिचारा पाय."

"पण आल्यावर कागद परत हातात घेतला असतात तर कळलं असतं ना?"

"एकदा मोजलं ते मोजलं, अशी माझी खोड. परत मोजलं की वाटतं आपलाच आपल्यावर भरवसा नाही." पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. "नसतोच तसा. हल्ली."

सूनबाई उठली आणि त्यांचा हात धरून त्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेली. दोन वर्षांत ते त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. तिने त्यांच्यासमोर कागद छापला, रेघ दाखवली. त्यांनी खिशातली स्वतःची स्टीलची पट्टी काढली. तिची प्लास्टिकची पट्टी त्यांनी बघितलीही नाही.

"दहा," ते म्हणाले.

"दहा," ती म्हणाली.

मग त्यांनी नमुना तळहातावर घेतला, वीत लावली, वर नख टेकवलं. "आहे. नख आहे."

पडद्यावर ते दोघे जुळे प्रिंटर अजून होतेच. सूनबाईने आक्रसणाऱ्या धाकट्याला कायमचं पुसून टाकलं आणि थोरल्याला जागं केलं. त्यासाठी आणखी अर्धा तास गेला. सासरे शेजारी बसून होते आणि मधूनमधून विचारत होते, "हे का दाबलंस?" तिला कारण सांगता येत होतं तिथे तिने सांगितलं, येत नव्हतं तिथे 'असंच दाबतात' म्हणाली. ते उत्तर त्यांना जास्त पटलं.

"एक बरं आहे," साच्यावरच्या चकत्या उखडता उखडता ते म्हणाले, "चुकलो ते मोठ्याकडे चुकलो. मोठं ते कापता येतं. लहान झालं असतं तर चामडं काय माझ्या पाठीचं काढणार होतीस?"

"तुमच्या पाठीचं कसलं? नुसती सुकट. माझ्या पाठीचं निघालं असतं."

चकत्या निघाल्या, नव्या पातळ ठोकल्या, वरचं चामडं परत ओलं करून साच्यावर ओढलं, जादा भाग सुरीने उतरवला, खाली सोल लावला. दर टप्प्याला एकाने मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने परत मोजून मोठ्याने सांगायचं. सुरुवातीला दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. रविवारी दुपारपर्यंत मात्र त्याला चाल सापडली, आणि बसच्या सुट्टीवर घरी असलेला नवरा शिंकत खाली येऊन विचारून गेला, की लिलाव कसला चाललाय.

रविवारी संध्याकाळी टपालवाली एकेकच मोजा घालून आली आणि तिने तो जोड पायांत चढवला. नाड्या बांधल्या. उभी राहिली. सूनबाईने टाचेमागे बोट घालून बघितलं, बोट शिरेना.

टपालवाली काहीच म्हणाली नाही. दार उघडून ती बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाशी वळून दिसेनाशी झाली. सासरे आणि सूनबाई दारात उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"पळून गेल्या की काय जोड घेऊन?" सासरे म्हणाले.

ती उलट्या बाजूने आली, चेहरा लाल, अंगाला घाम. दुकानासमोरून थेट पुढे गेली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर वळली. दुसऱ्या वळशानंतर ती थांबली, कारण तिला रडू आलं होतं आणि रडत चालणं तिला पसंत नव्हतं.

"काका," ती सासऱ्यांना म्हणाली, "हा पाय मी वर्षभर बरोबर घेऊन हिंडतेय. आज पहिल्यांदा तो मला घेऊन हिंडला."

सासऱ्यांनी सूनबाईकडे बोट दाखवलं. सूनबाईने सासऱ्यांकडे.

सोमवार उजाडला. सकाळपासून दुकानात काम होतं, पण दोघांचं लक्ष रस्त्यावर. ही गल्ली टपालवालीच्या फेरीत शेवटून तिसरी. पूर्वी ती इथे पावणेबाराला यायची. साडेअकरालाच सासरे पुढच्या खोलीत येऊन, शेल्फवरची धूळ पुसण्याचा बहाणा करायला लागले. त्यांनी एकच शेल्फ चारदा पुसलं.

अकरा चाळीसला ती आली. थैली खांद्यावर, मान ताठ. दारातून तिने एक पाकीट आत भिरकावलं, ते बरोबर टेबलावर पडलं. "चाळीस घरं राहिलीत," ती न थांबता म्हणाली, आणि गेली. ना नमस्कार, ना आभार. सूनबाईला इतकं बरं वाटलं, की तिला पाकीट उघडायचंही सुचलं नाही.

साहेब सात मिनिटांनी आले. जाडसर, चकचकीत काळे बूट, रुमालाने मान पुसत, आणि डाव्या पायाने स्पष्ट लंगडत. दारातल्या बाकावर ते विचारायच्या आधीच बसले.

"इथून एक बाई गेल्या का? टपालाच्या?"

"मघाशीच गेल्या," सूनबाई म्हणाली. "पाणी देऊ?"

"द्या. मीच म्हटलं त्यांना, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." त्यांनी बुटाची नाडी सैल केली आणि डोळे मिटले. "नियमाप्रमाणे मी बरोबर असायला हवं. पण त्या थांबतच नाहीत हो. एकदा म्हटलं, जरा दमाने, तर म्हणाल्या, साहेब, आठ महिने दमानेच होते."

सासरे फडका खांद्यावर टाकून जवळ आले. त्यांनी न विचारता साहेबांचा डावा बूट काढला, पाय दोन्ही हातांत घेतला आणि गप्प बसले. साहेब आधी संकोचले, मग त्यांनी पाय तसाच राहू दिला.

"सूनबाई," जरा वेळाने सासरे म्हणाले, "यांचं माप घे. करंगळीकडे एक भाग कागदावर यायचा नाही, तो मी तुला तोंडी सांगतो. लिहून ठेव."

"सांगा, बाबा."

साहेब पाणी प्यायले. मग त्यांनी काखेतल्या फायलीतून फॉर्म काढला, मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण दाताने उघडलं. पहिल्या तीन रकान्यांत त्यांनी भराभर बरोबरच्या खुणा केल्या. चौथ्याशी थांबले. 'कर्मचारी पूर्ण फेरी ठरलेल्या वेळेत करू शकेल काय?' त्यांनी मान वळवून रिकाम्या गल्लीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"झाली असेल एव्हाना," ते स्वतःशीच म्हणाले, आणि तेच लिहिलं.